गळ्यातली डबी

जव्हारच्या बाजारपेठेत त्या दुपारी एकाही दुकानात दिवा नव्हता. वादळात घाटातले विजेचे खांब आडवे झाले होते आणि मोखाड्यापलीकडच्या पाड्यांपर्यंत सगळी लाइन मेलेली होती. तुषारने आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचं काउंटर ओढून उंबऱ्यापाशी आणलं होतं. उन्हाची एक पट्टी त्यावर पडत होती. त्या पट्टीत त्याने एकामागून एक डाख द्यायची सोल्डरिंग आयर्न काढून ठेवली.

भारती ती एकेक करून पाहत होती. आयुष्यभर तिने हे हत्यार वडिलांच्या हातात पाहिलं होतं, आणि आता यातलं कुठलं घ्यायचं हे तिला कळत नव्हतं.

काम कशाचं आहे, असं तुषारने विचारलं. तिने फोनवरचा फोटो पुढे केला. तंबाखूची प्लास्टिकची डबी, झाकण उघडलेलं, आत बोटभर सर्किटची पट्टी, आणि तिच्यापासून सुटून लोंबणारी लाल वायर. डबीच्या मागे आईच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

तुषारने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम ओळख उमटली. ही डबी त्याला माहीत होती. हिच्यातला बारका माइक भारतीच्या वडिलांनी, ढवळूमामांनी त्याच्याच दुकानातून नेला होता; तीन-तीनदा येऊन बदलून नेला होता. एकदा तर माइक कानाला लावून ते दुकानात उभे राहिले आणि म्हणाले होते, याच्यात तुझा आवाज येतो रे, माझा येत नाय.

"बॅटरीची वायर सुटलीय नुसती," तो म्हणाला. "एक डाख दिला की झालं. मामांना सांगा ना, बसल्या बसल्या करतील."

भारतीने फोन परत घेतला. "ते गेले. उद्या त्यांचा दिवस आहे."

तुषार स्टुलावर बसला. काय झालं, कधी झालं, हे त्याने विचारलं नाही, आणि त्याबद्दल भारतीला बरं वाटलं. गेले काही दिवस ती तेच तेच सांगत होती. डोंगरावरच्या पाड्यात कुणाच्या सोलर दिव्याचं काम करून ते परत येत होते, वाटेत छातीत कळ आली, दगडाला टेकून बसले ते बसलेच. सांगून सांगून त्या वाक्यांना धारच उरली नव्हती.

तुषार म्हणाला, "मग त्यांचंच वापरा की. ते बारा व्होल्टचं, बॅटरीला चिमटे लावायचं. त्याच्यापेक्षा बरं माझ्याकडे नाही."

"ते त्यांच्याबरोबर दिलं."

"जळालं? कॉइल बदलून देतो मी."

"आमच्यात पुरतात," भारती म्हणाली.

त्यांच्या भावकीत माणसाबरोबर त्याचं हत्यार देत. कुणाचा कोयता, कुणाचं जाळं, बाईची असेल तर सुपली. उशाशी ठेवायचं, वर माती, मातीवर दगड. ढवळूंच्या उशाशी काय ठेवायचं यावर कुणालाच विचार करावा लागला नव्हता. आईने स्वतः घरात जाऊन ते आयर्न आणलं होतं, त्याच्या दोन्ही वायरी मनगटाएवढ्या गुंडाळीत गुंडाळल्या होत्या आणि ते लेकीच्या हातात दिलं होतं. त्याच गर्दीत, प्रेत बाहेर काढताना, आई दाराच्या चौकटीवर आदळली होती आणि गळ्यातली डबी तिच्या अंगाखाली सापडली होती. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. ज्या हत्याराने ती डबी दुरुस्त व्हायची ते मातीत गेलं, आणि डबी बंद पडल्याचं त्यानंतर कळलं.

आईला ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन तिने दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. त्यात भांडी किंचाळायची आणि माणसं कुजबुजायची. मग ढवळूंनी ही डबी बनवली. चौकोनी बॅटरी, माइक, एक इयरफोन, आणि आवाज फिरवायचं बारकं चाक. आईसमोर पाटावर बसून ते बोलत राहायचे, चाक फिरवायचे, पट्टीवर काहीतरी बदलायचे, पुन्हा बोलायचे. आईने मान डोलावली तेव्हा थांबले. त्या दिवसापासून डबी तिच्या गळ्यात होती आणि ती गळ्यातून काढायला तिचा ठाम नकार होता. बिघडली तर ढवळू तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिच्या गळ्यातच डाख देत. ती हनुवटी वर धरून बसायची, देवळातल्या मूर्तीसारखी. सुरुवातीला भारतीला ते पाहायला लाज वाटायची.

आताही आई डबी देत नव्हती. मोखाड्याच्या रिपेरिंगवाल्याने सांगितलं होतं, ठेवून जा, लाइट आली की बघतो. पण डबी मुठीत घट्ट धरून आई दारात बसली होती आणि कुणी हात पुढे केला की भिंतीकडे तोंड करत होती.

नुसतं तेवढंच असतं तर भारतीने वाट पाहिली असती. लाइट केव्हातरी आलीच असती. पण उद्या खोडाळ्याहून लाडक्या भगत येणार होता. दिवसाच्या विधीला तो काशाचा थाळ घेऊन बसतो. थाळाच्या मधोमध मेणाच्या गोळ्यात एक काडी उभी केलेली असते. राख लावलेली बोटं त्या काडीवरून खाली ओढली की थाळ घुमायला लागतो, आणि त्या घुमण्यावर तो मेलेल्या माणसाला घरापासून पूर्वजांपर्यंतची वाट सांगतो. पण वाट सुरू करण्याआधी तो मेलेल्याचं नाव घेऊन घराला विचारतो, ऐकलं का? आणि घरच्या बाईने, मागे राहिलेल्या बायकोने, आपल्या तोंडाने म्हणायचं असतं: ऐकलं, वाट मोकळी. बायको नसली किंवा बोलती नसली तर धाकट्या जावेने म्हणायचं. ढवळूंचा धाकटा भाऊ सुकऱ्याकाका म्हणाला होता, वहिनीला ऐकूच येत नाय तर आमची रामी म्हणेल, त्यात काय.

आईने ते त्याच्या ओठांवरून ओळखलं. ती जे बोलली ते पाड्यातल्या पाचही घरांना ऐकू गेलं, कारण डबी बंद पडल्यापासून तिचा आवाज तिच्या ताब्यात नव्हता. "मला ऐकू आलं तं मी बोलीन. दुसरी कोनी बोलली तं माझा नवरा गेला नाय. मंग मी बसून राहीन इथंच."

तेव्हापासून ती खरोखरच बसून होती. भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटातच ठेवायची. पेजेचे चार घोट, तेही भारतीने तोंडाशी वाटी धरली तर. भारतीने पुस्तकांतून पुष्कळ विधवा वाचल्या होत्या आणि त्या सगळ्या तिला आता खोट्या वाटत होत्या. ही बाई रडत नव्हती, काही मागत नव्हती. ती फक्त जायला निघाल्यासारखी दिसत होती.

हे सगळं तिने तुषारला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की डबी गळ्यातून निघणार नाही, आणि उद्या सकाळपर्यंत ती चालली पाहिजे.

"गळ्यात असतानाच डाख द्यायचा?" तुषारने मान हलवली आणि कामाला लागला.

पहिलं, लाकडी मुठीचं, त्याने लगेच बाजूला सारलं. ते भिंतीतल्या लाइटवर चालणारं. दुसरं गॅसचं होतं, लायटरसारखं भरायचं. चांगलं तापतं, वायर नको, काही नको. भारतीचा हात त्याच्याकडे गेला. तुषारने ते पेटवून दाखवलं आणि तिचा तळहात त्याच्या टोकापासून वीतभर दूर धरायला लावला. बाजूच्या भोकातून येणारी गरम वाफ तिच्या बोटांना लागली. "मामींच्या गळ्याशी हे धरणार?" त्याने विचारलं. तिने हात मागे घेतला. तिसरं पेन्सिल सेलवर चालणारं होतं. ते दिसायला निरुपद्रवी होतं आणि तसंच निघालं; कथलाची तार त्याला टेकवली की तार वितळण्याऐवजी टोकच गार व्हायचं.

चौथं पेनाएवढं होतं. काळं, बारीक, मागे फोनच्या चार्जरची पिन, आणि अंगावर नखाएवढा पडदा, त्यावर किती तापलंय ते दिसायचं. टोक सुईसारखं. पॉवर बँकेवर चालतं, तुषार म्हणाला, काही सेकंदांत तापतं, बाकी अंग गार राहतं. गळ्याशी धरायचं तर हेच.

भारतीने फोनवर शोधलं. नेटवर्क येत होतं, जात होतं. जगभरची माणसं या आयर्नांबद्दल लिहीत होती, तावातावाने भांडत होती, कुणाला टोक आवडलं होतं, कुणाला पडद्याचा रंग नाही. त्या सगळ्यांकडे टेबल होतं, दिवा होता, वेळ होता. चूक झाली तर दुसरं मागवता येणार होतं.

"पॉवर बँक फास्टवाली आहे ना?" तुषारने विचारलं.

तिच्याकडे ती शिकवत होती त्या शाळेतल्या निरोप समारंभात मिळालेली एक होती. फोन लावला की पडद्यावर फास्ट असं काहीतरी उमटायचं. ती हो म्हणाली. तुषारने कथलाची राळ भरलेली तार वीतभर कापून कागदात गुंडाळून दिली, आणि ती जीपकडे निघाल्यावर दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "आधी जागा तापवायची, मॅडम. मामा म्हणायचे, जागा तापली की कथील आपल्या पायाने येतं."

पोशेऱ्याच्या वाटेवर जीपमधून उतरून ती पाड्यावर पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई दारात तशीच होती. भारतीने ओट्यावर फडकं पसरलं, पॉवर बँक ठेवली, आयर्न जोडलं. पडदा उजळला. त्यावर आकडा आला, थोडा चढला, आणि मग विजेचं चिन्ह लुकलुकलं आणि पडदा काळा झाला. तिने पुन्हा जोडलं. आकडा चढला, थांबला, पडदा काळा झाला. टोकाला तिने बोट लावून पाहिलं. ते कोमट होतं. तापलेल्या माणसाच्या कपाळाएवढं.

फास्ट होती ती फोनपुरती. या पेनाला लागणारा जोर तिच्यात नव्हता.

तिने पाड्यातल्या प्रत्येक घरी जाऊन विचारलं. एका घरात एक पॉवर बँक निघाली, तीही तिच्यासारखीच, आणि वर अर्धी रिकामी. पाड्याच्या तोंडाशी सोलरचा खांब होता, पण त्याची बॅटरी खांबाच्या डोक्यावर पेटीत होती, आणि त्या खांबावर चढणारा माणूस मातीखाली होता. ती परत आली तेव्हा ओट्यावर सुकऱ्याकाका पेन हातात धरून उलटसुलट पाहत होता. त्याने ते जपून फडक्यावर ठेवलं. राहू दे आता, असं तो म्हणाला. तू धावलीस, सगळ्यांनी बघितलं. रामी बोलेल.

भारतीने आयर्न फडक्यात गुंडाळलं. आई तिच्या ओठांकडे पाहत होती.

सकाळी उजाडता उजाडता ती वडिलांना पुरलं होतं तिथे, ऐनाच्या झाडाखाली गेली. दगड अजून मातीत बसले नव्हते. त्यांच्यामधून ओल्या मातीचा वास येत होता. उशाची बाजू तिला माहीत होती. तिथेच तर ती वाकली होती. हत्यार खोल नव्हतं. माती कोपरभरसुद्धा काढावी लागली नसती. काकाच्या मोटरसायकलच्या बॅटरीला ते दोन चिमटे लावायचे, तापेपर्यंत थांबायचं, एक डाख द्यायचा आणि दुपारच्या आत परत ठेवून द्यायचं. ज्याचं होतं तो नक्कीच नाही म्हणाला नसता. त्याने आयुष्यात कुणाला कशाला नाही म्हटलं होतं?

तिने पहिला दगड उचलला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा पाठीमागे पाचोळा वाजला. सुकऱ्याकाका कोयत्याने वाटेवरचं रान साफ करत आला होता. तो तिच्यावर ओरडला नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर उकिडवा बसला आणि त्याने कोयता जमिनीवर ठेवला.

"काढायचं तं काढ," तो म्हणाला. "मी कोनाला सांगनार नाय. पन तिकडं तो पोचला असंल आणि कोनी त्याच्याकडं बंद पडलेला दिवा घेऊन आला असंल, तं त्यानं पिशवीत हात घालून काय काढायचं?"

भारती दगडावर हात ठेवून तशीच बसली. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं तिने तरुणपणी पुष्कळदा सांगितलं होतं, याच काकाला सांगितलं होतं. आता तिला तिचे वडील दिसले. कुठल्याशा डोंगरउतारावर, पिशवीत हात घालून चाचपणारे, लोकांसमोर ओशाळलेले. तिने दगड परत जागेवर ठेवला. मग पहिलाही उचलून ठेवला. काकाने तो जरा फिरवून नीट बसवला.

"काकीला बोलू देऊ नका," ती म्हणाली.

काका म्हणाला, भगताने तीनदा विचारल्यावर घरातून आवाज आला नाही तर तो थाळ उचलून निघून जातो. मग ढवळू ना इथला ना तिथला. तू शिकलेली हाय, तुला चालंल. मला माझा भाऊ तसा नको. त्याचा आवाज चढला नव्हता. भारती हाताची माती झटकून उठली.

ऊन तापायच्या आत भावकी जमली. अंगणात चटया पडल्या. चुलाण्यावर भाताचं मोठं पातेलं चढलं. रामीकाकी न्हाऊन, लुगडं बदलून आली आणि आईच्या शेजारी, जरा मागे सरून बसली. तिला स्वतःलाही त्या जागेची लाज वाटत होती. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डबी दोन्ही हातांत धरली.

लाडक्या भगताला घेऊन खोडाळ्याच्या हेमंतची जीप आली. भगत म्हातारा झाला होता, त्याला दोघांनी धरून उतरवलं. थाळ त्याने स्वतःच छातीशी धरला होता. हेमंत उतरला नाही. तो इंजिन चालूच ठेवून सीटवर बसला होता आणि कुणाशीतरी फोनवर बोलत होता; फोन गाडीच्या चार्जरला लटकलेला होता. सुकऱ्याकाकाने गाडी बंद करायची खूण केली. हेमंतने हात वर केला: एकच मिनिट, काका, फोन मेलाय, आमच्या खोडाळ्यातपण लाइट नाय. हा चार्जर लय पॉवरबाज हाय, बघता बघता भरतो. बायकोच्या भावाचा लॅपटॉपसुद्धा चालतो याच्यावर.

भारती भाताच्या पातेल्यापाशी उभी होती. हातातला डाव तिने कुणाच्यातरी हातात दिला.

"हेमंतभाऊ," ती जीपपाशी जाऊन म्हणाली, "फोन काढा."

त्याने विचारलं काय झालं, ताई. तिने त्याच्या होकाराची वाट पाहिली नाही. घरात जाऊन तिने फडकं, पेन आणि कथलाची तार आणली. पेन गाडीच्या चार्जरला जोडलं. पडद्यावर आकडा आला. चढला. चढतच गेला आणि जिथे थांबायचा तिथे स्थिर उभा राहिला. तिने कथलाची तार टोकाला टेकवली. तार पाण्यासारखी विरघळली आणि धुराची एक बारीक रेघ उठली.

ती आईकडे गेली. समजावून सांगायला शब्दांचा उपयोग नव्हता आणि खुणा तिला सुचेनात. तिने आईचा हात धरला, तर आईने तो सोडवून घेतला. मग आईची नाकपुडी हलली. भारतीच्या बोटांना, फडक्याला, तापलेल्या राळेचा वास लागला होता. ढवळूंच्या सगळ्या सदऱ्यांना हाच वास असायचा. धुतले तरी जायचा नाही. आईने मान वळवून अंगणाकडे पाहिलं, जमलेल्या प्रत्येक पुरुषाकडे पाहिलं. कुणाला शोधत होती ते सगळ्यांना कळलं, आणि माणसं खाली पाहायला लागली. मग तिची नजर लेकीच्या हातावर येऊन थांबली. ती उठली.

वायर आखूड होती, म्हणून आईला जीपच्या पुढच्या सीटवर बसवावं लागलं. भारती दाराच्या पायरीवर गुडघा टेकून बसली. आईने न सांगता हनुवटी वर केली आणि हात डबीवरून काढून मांडीवर ठेवले.

इंजिनाने सगळी गाडी थरथरत होती. तिने डबीतून बॅटरी काढली, लाल वायरचं टोक दातांनी सोललं, पट्टीवरचा वायर सुटलेला ठिपका शोधला. कथील आधी पेनाच्याच टोकाला चिकटलं आणि तिथेच गोळा होऊन बसलं. तिने ते फडक्याला पुसलं. दुसऱ्यांदा गोळा घसरून आईच्या लुगड्यावर पडला. कापडाला काळं भोक पडलं. आई हलली नाही. तिचा श्वास भारतीच्या कपाळावर लागत होता. मागे कुणीतरी म्हणत होतं, मुहूर्त कुठंय, कशाला घाई करता, आणि दुसरं कुणीतरी म्हणत होतं, डिझेल जळतंय बिचाऱ्याचं. हेमंत म्हणाला, जळू दे, ढवळूकाका माझ्या बापाचा रेडिओ फुकट करून द्यायचे.

जागा आधी तापवायची. तिने टोक ठिपक्यावर टेकवलं आणि धरून ठेवलं. आपल्या आईच्या गळ्यापासून दोन बोटांवर ती विस्तव धरून बसली होती आणि थांबत होती. मग कथलाची तार ठिपक्याला लावली. कथील पसरलं, वायरच्या टोकावर चढलं. तिने पेन उचललं, वायर तशीच धरून ठेवली, श्वास रोखला. चकाकणारा थेंब मंद झाला, राखाडी झाला. ओबडधोबड, मोठा, वडिलांनी पाहिला असता तर हसले असते असा. तिने बॅटरी बसवली आणि इयरफोन आईच्या कानात घातला.

आईचे डोळे विस्फारले. तिने तोंड वाकडं केलं. "ही गाडी बंद करा आधी," ती म्हणाली.

हेमंतने चावी फिरवली. शांतता पसरली, आणि त्या शांततेत आईने चाक थोडं मागे फिरवलं. चुलाण्यात लाकूड तडकलं तशी तिने मान तिकडे वळवली. दूर कुणाचं पोर रडलं तशी तिकडे. भारतीने तिला धरून चटईवर नेलं. रामीकाकी आपणहून उठून मागच्या रांगेत गेली.

लाडक्या भगताने राखेत बोटं बुडवली. काडीवरून हात खाली आला आणि थाळ बोलला. तो आवाज कानाने ऐकण्याआधी जमिनीतून येतो. आईने डोळे मिटले. भगताने घरातल्या आधीच्या मेलेल्यांची नावं घेतली, आजोबा-पणजोबांची, न जगलेल्या एका पोराचं. मग हात थांबवून, आवाज उतरवून त्याने ढवळूंचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि विचारलं, ऐकलं का?

आई काही बोलली नाही. भगताने पुन्हा नाव घेतलं. पुन्हा विचारलं. आईचा अंगठा डबीच्या चाकावर होता आणि तो हलत नव्हता. तिला ऐकू येत होतं. तिच्या शेजारी बसलेल्या भारतीला त्याबद्दल शंका नव्हती. मागे रामीकाकीने श्वास घेतल्याचं भारतीला ऐकू आलं. तिसऱ्यांदा नाव आलं. सगळं अंगण आईच्या तोंडाकडे पाहत होतं.

आईचे ओठ हलले. भगत वाट पाहत होता. सुकऱ्याकाकाने मान हलवली आणि मागे वळून रामीकाकीला खूण केली.

"बोलली ती," भारती म्हणाली.

कोणी ऐकलं नाय, काका म्हणाला. भगतानेही कानाला हात लावून नाही अशी खूण केली. गेले कित्येक दिवस आईचा आवाज पाचही घरांत घुमत होता. तिने हळू बोलावं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण आता तिचा स्वतःचा आवाज तिच्या कानात पडत होता, आणि तो पूर्वीसारखा खाली आला होता, दिवा मालवताना नवऱ्याशी बोलावं तितका.

आईने डोळे उघडून लाडक्या भगताकडे पाहिलं.

"बोलले मी," ती म्हणाली. "ऐकलं, वाट मोकळी. एकदा बोलले ते पुरे झालं. आता पुन्हा नाय जमायचं मला."

भगताने मान झुकवली आणि राखेत हात घातला.

भारतीच्या मागे लागलेलं सगळं संपलं होतं. जव्हार, जीप, ते पेन, ती पॉवर बँक, रात्रभर डोक्यात चाललेला तो एकच विचार. आता धावायला काही उरलं नव्हतं. वडील निघाले होते. त्यांना जायला तिनेच वाट करून दिली होती. क्षणभर तिला वाटलं की आपला तो ओबडधोबड डाख सुटला असता तर बरं झालं असतं. मग आईने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

थाळ घुमत होता. भगत ढवळूंना वाट सांगत होता. अंगणातून निघ, ऐनाखालून जा, ओढा ओलांड, पलीकडच्या पायवाटेने सरळ खाली उतर.

"खालनं नाय," आई मध्येच म्हणाली. चारदोन माणसं चमकून वळली. दिवसाच्या गाण्यात कुणी मध्ये बोलत नाही. "तो खालनं नाय जायचा कधी. वरच्या माळानं जायचा. तिथं त्याला रेंज मिळायची."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. लाडक्या भगताने म्हाताऱ्या डोळ्यांनी आईकडे पाहिलं. मग काडीवरचा हात न थांबवता त्याने गाणं ओढ्यापाशी मागे नेलं आणि ढवळूंना वरच्या माळावर चढवलं.